मुद्रण उद्योगातील दीर्घ मुदतीचे कर्ज

मुद्रण उद्योगातील दीर्घ मुदतीचे कर्ज म्हणजे छापखाना, वृत्तपत्र किंवा वेष्टनमुद्रण चालविणाऱ्या कंपनीने जागा, इमारत, मुद्रणयंत्रे व बांधणीची यंत्रे यांसारख्या स्थिर मालमत्तेसाठी घेतलेले आणि अनेक वर्षांत हप्त्यांनी फेडावयाचे कर्ज होय. अशा कर्जाची मुदत सामान्यतः पाच ते दहा वर्षांची असते. कागद, शाई, प्लेट, मजुरी व उधारी यांसाठी लागणारे खेळते भांडवल या संज्ञेत येत नाही. ते कॅश क्रेडिटसारख्या अल्प मुदतीच्या कर्जातून उभे केले जाते.

मुद्रण हा भांडवलप्रधान व्यवसाय आहे. चांगले बहुरंगी ऑफसेट यंत्र घेण्यास लागणारी रक्कम बहुतेक छापखान्यांच्या स्वतःच्या शिलकेत नसते. त्यामुळे या उद्योगाची वाढ आणि त्यातील कित्येक संस्थांची अखेर या दोहोंचा दीर्घ कर्जाशी निकटचा संबंध राहिला आहे.

कर्जाची गरज

खिळ्यांच्या छपाईच्या काळात छापखाना तुलनेने थोड्या भांडवलात सुरू होत असे. एक ट्रेडल यंत्र, खिळ्यांच्या केसेस, एक कटिंग यंत्र आणि दोन-तीन जुळारी एवढ्यावर लग्नपत्रिका, पावतीपुस्तके व हस्तपत्रके छापता येत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑफसेट मुद्रणाचा प्रसार झाला. १९८०च्या दशकानंतर संगणकीय अक्षरजुळणी आली आणि हे चित्र पालटले. जर्मनी व जपान येथून येणारी बहुरंगी यंत्रे, प्लेट तयार करणारी संगणकीय यंत्रणा, घडीयंत्रे व बांधणीयंत्रे यांमुळे प्रारंभीचा खर्च अनेक पटींनी वाढला.

यंत्राच्या किमतीखेरीज आणखीही खर्च येतो. जड यंत्रासाठी पक्का पाया, अधिक क्षमतेची वीजजोडणी, जनित्र व कागदाचे गोदाम ही व्यवस्था लागते. नागपूरसारख्या ठिकाणी हवामानाचाही खर्च असतो. उन्हाळ्यातील कोरडी उष्णता आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे कागद आकुंचन-प्रसरण पावतो आणि बहुरंगी छपाईत एका रंगाचा ठसा दुसऱ्यावर नेमका बसत नाही. म्हणून छपाईकक्षाचे तापमान व आर्द्रता नियंत्रित ठेवावी लागते. प्रकल्पखर्चाच्या अंदाजात ही बाब वगळली गेल्यास पुढे ती खेळत्या भांडवलातून भागवावी लागते आणि संस्था पहिल्याच वर्षी अडचणीत येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठी मुद्रणाच्या इतिहासात कर्जाचा प्रश्न कंपनी-व्यवस्थेच्या आधीपासून दिसतो. पुण्यात १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू झाली. ती ज्या आर्यभूषण छापखान्यात निघाली, त्याची सामग्री हप्त्यांनी पैसे फेडण्याच्या बोलीवर घेतलेली होती. पुढे १८९१ मध्ये लोकमान्य टिळकांनी दोन्ही पत्रांची मालकी स्वतःकडे घेतली, तेव्हा पत्रांवरील कर्जाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिलाछापाचा कारखाना काढला आणि नंतर तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविला. त्यांची चित्रे घरोघरी पोचली, परंतु कारखान्यावरील कर्जाचा भार हटला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तो कारखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकण्यात आला. या दोन्ही उदाहरणांत कर्जाची जबाबदारी व्यक्तीवर होती. भागधारकांची जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी ही रचना मराठी मुद्रणात नंतर रुळली.

स्वातंत्र्यानंतर दीर्घ मुदतीचे औद्योगिक कर्ज देण्यासाठी स्वतंत्र संस्था निर्माण झाल्या. १९४८ मध्ये भारतीय औद्योगिक वित्त महामंडळ, १९५५ मध्ये आयसीआयसीआय आणि १९६४ मध्ये भारतीय औद्योगिक विकास बँक (आयडीबीआय) स्थापन झाली. लहान व मध्यम उद्योगांसाठी १९५१ मध्ये राज्य वित्तीय महामंडळे अधिनियम करण्यात आला. त्याखाली १९५३ मध्ये मुंबई राज्याचे वित्तीय महामंडळ निघाले, तेच पुढे महाराष्ट्र राज्य वित्तीय महामंडळ झाले. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाने भाडेखरेदी पद्धतीने यंत्रे देण्याची सोय केली. लघुउद्योगांसाठी १९९० मध्ये सिडबी ही स्वतंत्र बँक स्थापन झाली. १९९१ नंतरच्या आर्थिक सुधारणांच्या काळात व्यापारी बँकाच मुदत कर्ज मोठ्या प्रमाणावर देऊ लागल्या आणि विकास वित्तसंस्थांचे वेगळेपण ओसरले.

नागपूर व विदर्भ

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हे प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या आणि नंतर मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. शासकीय मुद्रणालय, उच्च न्यायालय, १९२३ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आणि वृत्तपत्रे यांमुळे येथे मुद्रणाला कायम मागणी राहिली. 'हितवाद' हे इंग्रजी पत्र १९११ मध्ये सुरू झाले. 'तरुण भारत' हे दैनिक १९४४ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या संपादकत्वाखाली निघू लागले. 'लोकमत'ची नागपूर आवृत्ती १५ डिसेंबर १९७१ रोजी सुरू झाली. महाल, सीताबर्डी, धंतोली व इतवारी या भागांत लहान छापखाने वाढले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना झाल्यानंतर हिंगणा आणि पुढे बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहतींत मोठ्या यंत्रांसाठी जागा उपलब्ध झाली.

मुद्रणाशी संलग्न उद्योगातील कर्जाचे एक महत्त्वाचे उदाहरण याच प्रदेशातील आहे. वृत्तपत्री कागद देशात तयार व्हावा म्हणून नेपानगर येथील गिरणीची कंपनी जानेवारी १९४७ मध्ये खासगी उपक्रम म्हणून नोंदविण्यात आली. नेपानगर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते. खासगी प्रवर्तकांना प्रकल्प तडीस नेता आला नाही. १९४९ मध्ये प्रांतिक शासनाने त्याची व्यवस्था हाती घेतली. एप्रिल १९५६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते गिरणीचे उद्घाटन झाले. दशकाच्या अखेरीस गिरणीचे नियंत्रण केंद्र शासनाकडे गेले आणि शासनाने दिलेल्या कर्जाचे रूपांतर भागभांडवलात झाले. कर्ज फेडता येत नसेल, तर धनको मालक होऊ शकतो, हे तत्त्व या घटनेतून स्पष्ट होते.

प्रमुख प्रकार

मुदत कर्ज : बँक किंवा वित्तसंस्था ठरावीक कामासाठी ठरावीक मुदतीचे कर्ज देते. रक्कम बहुधा यंत्रविक्रेत्यास परस्पर दिली जाते. छापखान्यांच्या दीर्घ कर्जापैकी सर्वाधिक प्रचलित प्रकार हाच आहे.

कर्जरोखे : कंपनी लोकांकडून किंवा निवडक गुंतवणूकदारांकडून रोखे विकून पैसा उभारते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ७१ मध्ये याबाबतच्या तरतुदी आहेत. हा मार्ग प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांना परवडतो.

भाडेखरेदी व भाडेपट्टा : भाडेखरेदीत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत यंत्राची मालकी देणाऱ्याकडे राहते. भाडेपट्ट्यात मालकी मुळातच हस्तांतरित होत नाही. तंत्र लवकर बदलणाऱ्या डिजिटल यंत्रांसाठी भाडेपट्टा सोयीचा ठरतो.

परकीय चलनातील कर्ज : आयात यंत्रासाठी परदेशी बँक, यंत्रनिर्माता किंवा त्या देशाची निर्यात पतसंस्था कर्ज देते. व्याजदर कमी दिसतो, परंतु विनिमयदराचा धोका कर्जदारावर असतो.

संचालकांची कर्जे : खासगी कंपन्यांत संचालक स्वतःचा पैसा कर्जरूपाने घालतात. बँकेचे कर्ज फिटेपर्यंत हा पैसा परत घेऊ नये, अशी अट बँक बहुधा घालते.

तारण आणि जामीन

यंत्रांवर नजरगहाण केले जाते, म्हणजे यंत्र कर्जदाराच्या ताब्यात व वापरात राहते, पण त्यावर बँकेचा हक्क निर्माण होतो. जागा व इमारत गहाण ठेवली जाते. औद्योगिक वसाहतीतील भूखंड भाडेपट्ट्याचा असल्याने तेथे महामंडळाची संमती लागते. कंपनीच्या मालमत्तेवरील बोजाची नोंद कलम ७७ नुसार कंपनी निबंधकाकडे मूळ मुदतीत, म्हणजे तीस दिवसांत, करावयाची असते. नोंद न झालेला बोजा कंपनी दिवाळखोरीत गेल्यास अवसायकाविरुद्ध टिकत नाही.

भागधारकांची जबाबदारी कायद्याने मर्यादित असली, तरी कौटुंबिक कंपन्यांत ही मर्यादा व्यवहारात बरीचशी नाहीशी होते. बँक संचालकांचा वैयक्तिक जामीन घेते आणि पुष्कळदा राहते घरही तारण मागते. अशा वेळी कंपनी बुडाल्यास कर्जाची झळ कुटुंबापर्यंत पोचते. तारण कमी असलेल्या सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी केंद्र शासन व सिडबी यांनी २००० मध्ये पत हमी निधी न्यास (सीजीटीएमएसई) स्थापन केला. त्याच्या हमीवर ठरावीक मर्यादेपर्यंत त्रयस्थाच्या जामिनाशिवाय कर्ज मिळू शकते. ही हमी बँकेला असते. कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

मंजुरीची प्रक्रिया

कंपनी प्रकल्प अहवाल सादर करते. त्यात यंत्राचे दरपत्रक, अपेक्षित कामाचा अंदाज, मागील वर्षांचे ताळेबंद आणि पुढील वर्षांचे अंदाजपत्रक असते. प्रकल्पखर्चाचा काही भाग, सामान्यतः पाव हिस्सा, प्रवर्तकाने स्वतः आणावा लागतो. कर्ज हे भागभांडवल व गंगाजळी यांच्या किती पट आहे, हेही पाहिले जाते.

सार्वजनिक कंपनीचे एकूण कर्ज तिचे वसूल भागभांडवल, मुक्त गंगाजळी व रोखे अधिमूल्य यांच्या बेरजेहून अधिक होणार असेल, तर कलम १८०(१)(क) अन्वये भागधारकांचा विशेष ठराव आवश्यक असतो. नित्य व्यवहारातील तात्पुरती कर्जे यात धरली जात नाहीत.

ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म व लघुउद्योगांची बदत्या व्याजदराची नवी बँककर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले. त्यामुळे रेपो दर वाढल्यास छापखान्याचा हप्ता किंवा मुदत वाढते आणि दर उतरल्यास कमी होते.

परतफेडीचे गणित

पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. दोन कोटी रुपयांच्या यंत्रासाठी कंपनीने पन्नास लाख रुपये स्वतःचे घातले आणि दीड कोटी रुपये सात वर्षांच्या मुदतीने, दरसाल १० टक्के व्याजाने कर्जाऊ घेतले. पहिले वर्ष सवलतीचे असून त्यात फक्त व्याज द्यावयाचे आहे. उरलेल्या सहा वर्षांत दरसाल २५ लाख रुपये मुद्दल फेडावयाचे आहे.

पहिले वर्ष : व्याज १५ लाख, एकूण १५ लाख
दुसरे वर्ष : व्याज १५ लाख, मुद्दल २५ लाख, एकूण ४० लाख
तिसरे वर्ष : व्याज १२.५ लाख, एकूण ३७.५ लाख
चौथे वर्ष : व्याज १० लाख, एकूण ३५ लाख
पाचवे वर्ष : व्याज ७.५ लाख, एकूण ३२.५ लाख
सहावे वर्ष : व्याज ५ लाख, एकूण ३० लाख
सातवे वर्ष : व्याज २.५ लाख, एकूण २७.५ लाख

सात वर्षांत मुद्दलाखेरीज ६७.५ लाख रुपये व्याज जाते. सर्वांत कठीण वर्ष दुसरे असते, कारण त्या वर्षी हप्ता सर्वाधिक असतो आणि यंत्राला पुरेसे काम अजून मिळालेले नसते.

परतफेडीची क्षमता मोजण्यासाठी करोत्तर नफा, घसारा व मुदत कर्जावरील व्याज यांची बेरीज करून तिला त्या वर्षीच्या मुद्दल व व्याजाने भागतात. दुसऱ्या वर्षी ही बेरीज ५६ लाख असेल, तर गुणोत्तर १.४ येते आणि हप्ता निर्वेधपणे भरता येतो. हीच बेरीज पाव हिश्श्याने घटून ४२ लाख झाली, तर गुणोत्तर १.०५ वर येते. मग एक मोठा ग्राहक उशिरा पैसे देऊ लागला, तरी हप्ता चुकतो. एक या अंकाखालील गुणोत्तर म्हणजे उत्पन्नातून हप्ता भागत नाही, असा अर्थ होतो. घसारा हा हिशेबातील खर्च असला, तरी त्यापोटी रोख रक्कम बाहेर जात नाही, म्हणून तो या बेरजेत परत मिळविला जातो.

विशिष्ट जोखमी

कामाचा हंगाम : पाठ्यपुस्तके, दिनदर्शिका, लग्नपत्रिका, परीक्षा व निवडणुका यांचे काम वर्षभर सारखे नसते. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके शाळा उघडण्यापूर्वी तयार असावी लागतात. उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात, तरी पुस्तकांचे काम उन्हाळ्यातच आटोपावे लागते. कर्जाचा हप्ता मात्र दरमहा येतो. हंगामानुसार हप्त्यांची आखणी करून घेणे म्हणूनच हिताचे असते.

उधारी : शासकीय कार्यालये, शिक्षणसंस्था व प्रकाशक यांच्याकडून येणे वेळेवर वसूल होईलच असे नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारास लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. मोठा ग्राहक दुरावेल या भीतीने अनेक मुद्रक या तरतुदीचा आधार घेत नाहीत.

विनिमयदर : ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन एका डॉलरची किंमत ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाली. एक लाख डॉलरचे देणे एका दिवसात ४,७६,००० रुपयांवरून ७,५०,००० रुपयांवर गेले. जुलै १९९१ मध्येही रुपयाचे अवमूल्यन झाले. छापखान्याचे उत्पन्न रुपयात आणि कर्ज परकीय चलनात असल्यास हा धोका टळत नाही. कोल्हापूर येथे मनुग्राफसारख्या कंपनीने वृत्तपत्रांसाठी वेब ऑफसेट यंत्रे बनविण्यास प्रारंभ केल्यावर देशी यंत्राचा पर्याय उपलब्ध झाला.

शासकीय धोरण : वृत्तपत्राची पाने व किंमत यांची सांगड घालणारा १९६० चा आदेश पुण्याच्या 'सकाळ'ने न्यायालयात आव्हानित केला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. हा निकाल अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा म्हणून ओळखला जातो. त्याची आर्थिक बाजू अशी, की पाने व जाहिरातींवर मर्यादा आली असता यंत्रावर गुंतविलेल्या पैशाची फेडही अवघड होते.

तंत्राचा कालबाह्यपणा : कंपनी अधिनियमाच्या अनुसूची २ मध्ये सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य १५ वर्षे धरले आहे. बाजारातील आयुष्य त्याहून कमी असू शकते. खिळ्यांची सामग्री ऑफसेटनंतर भंगाराच्या भावाने विकली गेली. जुळाऱ्यांचे कौशल्यही त्याबरोबर निरुपयोगी ठरले आणि अनेकांना उतारवयात दुसरे काम शोधावे लागले. यंत्राचे कमावते आयुष्य संपण्यापूर्वी त्यावरील कर्ज फिटले पाहिजे, हा दीर्घ कर्जाचा मूलभूत नियम मानला जातो.

थकबाकी व वसुली

मुदत कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास खाते अनुत्पादक ठरते. २००२ च्या सरफेसी कायद्यातील कलम १३(२) नुसार बँक साठ दिवसांची नोटीस देते. त्या मुदतीत देणे न फिटल्यास न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्तेचा ताबा घेऊन तिची विक्री करता येते. कर्जदारास या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. असे न्यायाधिकरण नागपुरातही आहे. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये दिला. ते प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेशी संबंधित होते. नागरी सहकारी बँकांकडून कर्ज घेणाऱ्या लहान छापखान्यांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार कंपनीविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यासाठीची किमान थकबाकी मार्च २०२० मध्ये एक लाख रुपयांवरून एक कोटी रुपये करण्यात आली.

कागद उद्योगातील बल्लारपूर इंडस्ट्रीज या कंपनीचे उदाहरण विदर्भात सुपरिचित आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथील कागद कारखान्याशी जोडलेले आहे. २००७ मध्ये तिने मलेशियातील साबा फॉरेस्ट इंडस्ट्रीज ही कंपनी घेतली. पुढे कर्जाचा भार असह्य झाला आणि २०२० मध्ये मूळ कंपनीविरुद्ध दिवाळखोरी निराकरणाची प्रक्रिया सुरू झाली. बल्लारपूरचा कारखाना तोवर समूहातील वेगळ्या कंपनीकडे होता. एकाच समूहातील कंपन्यांची कर्जे स्वतंत्र मानली जातात, हे यातून लक्षात येते.

कर्ज अडचणीत आल्यास हप्त्यांची पुनर्रचना, व्याजदरातील सवलत, कर्जाचे भागभांडवलात रूपांतर किंवा एकरकमी तडजोड हे मार्ग उपलब्ध असतात. हप्ता थकण्यापूर्वीच बँकेकडे गेल्यास पुनर्रचना सुलभ होते. थकबाकीनंतर कर्जदाराची बाजू कमकुवत होते.

महत्त्व

दीर्घ कर्जामुळे मराठी वृत्तपत्रे व प्रकाशने यांना आधुनिक यंत्रे वापरता आली आणि छापील मजकूर खेड्यापाड्यांत पोचला. त्याच कर्जामुळे मालकी बदलली, छापखाने बंद पडले आणि कुटुंबांची घरेही गेली. कर्जाची मुदत, यंत्राचे आयुष्य आणि कामाची खात्री या तीन बाबींचा मेळ बसला की कर्ज उत्पादक ठरते. त्यांपैकी एक चुकली, तर उत्तम छपाई करणारा छापखानाही तग धरू शकत नाही.

हे सुद्धा पहा

मुद्रण
ऑफसेट मुद्रण
खेळते भांडवल
कर्जरोखे
घसारा
नेपानगर
बल्लारपूर